पडला तो भाव, तुम्ही नव्हे

आदरणीय थोरल्या मेहुण्यांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे यावेळी फक्त कागदावर.) तुमची तब्येत ठणठणीत असेल अशी आशा आहे. नसली तरी माझी हरकत नाही, ती का ते पुढे कळेलच. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. समोरचा कंपाउंडर तुमच्याच बाजूला निघाला आहे, त्याच्या हाती देतो.

तुमच्या बहिणीच्या कानांचं तुम्हाला ठाऊकच आहे. उजवा गेलेला, डावा जाण्याच्या बेतात. कानाच्या यंत्रासाठी तिने शिवणकाम करून चार वर्षं पैसे साठवले आणि महिन्यापूर्वी विश्वासाने माझ्या हाती ठेवले. डॉक्टरांनी पुढच्या शनिवारी बोलावलं आहे. मला वाटलं, तोवर पैसे नुसते बसून काय करतील? एका कानाचे दोन कानांपुरते होतील. म्हणून लाँड्रीच्या वरच्या खोलीत शेअर बाजाराचा वर्ग चालतो, त्यात नाव घातलं. (मी जन्मभर लोकांच्या वह्या बांधल्या, आत काय लिहिलंय ते कधी कळलं नाही, असं तिथल्या सरांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, मग काही अडचण नाही.)

सर म्हणाले, स्वतः वापरून पारखलेली कंपनी निवडा. मी बादलीची निवडली, कारण आमची बादली अकरा वर्षांत फुटलेली नाही. सगळे पैसे घातल्यावर लक्षात आलं, की फुटतच नाही तर दुसरी घेणार कोण? भाव उतरू लागला. सर म्हणाले, घाबरायचं नाही, पोझिशन सोडायची नाही. आता पोझिशन म्हणजे घेतलेले शेअर, हे ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. मी त्या वेळी स्टुलावर डावा पाय बुडाखाली घेऊन, मान तिरकी करून बसलो होतो. बाजार बंद होईपर्यंत तसाच बसलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मला स्टुलासकट कंपाउंडरकडे न्यावं लागलं. (त्याने कंबर चोळली आणि हळूच विचारलं, "बाबा, मीपण घेऊ का थोडी बादली?")

तरीही भाव धाडकन कोसळला. शेवटी ठरवलं, खरं काय ते सांगून टाकायचं. काल दुपारी तिच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडलो, "अगं, भाव पडला!"

"अगंबाई! पडले म्हणा हो, थोरला आहे तो. कधी?"

(हे काय बोलते आहे, असं मला वाटलं, पण घाबरलेल्या माणसाला सगळंच चालतं.) "परवा. धाडकन."

"आता कसं आहे?"

"वाईट. सावरायला सहा महिने तरी लागतील म्हणतात."

"आणि पैसे?"

"सगळे त्यातच गेले."

मला वाटलं, आता भांडी उडणार. तर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं केलंत दिलेत ते. माझ्या कानांचं काय, एवढे दिवस काढलेच की. या वयात हाड जुळायला वेळ लागतोच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्हाला ती भाऊ म्हणते. मी म्हणालो भाव, तिने ऐकलं भाऊ. खरं सांगायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण इतक्या मायेने तिने माझ्याकडे कधी बघितलेलं आठवत नाही. तेव्हापासून जेवण जात नाही. (जातं, पण लाज वाटते.)

तेव्हा पडला तो भाव, तुम्ही नव्हे, याचा मला मनापासून आनंद आहे. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण कंपाउंडर चपला घालून दारात उभा आहे.

आपला,
आपल्या बहिणीचा नवरा (अजून तरी)

ता. क. खरं काम राहिलंच. ती रविवारी तुम्हाला बघायला येणार आहे. तरी पायाला प्लास्टर घालून ठेवावं. कुठला पाय ते तुमच्यावर सोपवतो, पण दिवसभर एकच ठेवावा. पट्टीची गुंडाळी सोबत पाठवली आहे. आणि यंत्रापुरते पैसे तुमच्याकडे असतील, तर "उपचारातून उरले" म्हणून तिच्या हाती द्यावेत. मी हळूहळू फेडीन.

आणखी एक ता. क. कंपाउंडरला थांबवलं आहे. आत्ताच बादली एकदम उसळली. आनंदाच्या भरात मी ओरडलो, "भाव वर गेला!" ती मटकन खालीच बसली. मी हाताने वर, वर असं दाखवलं, तर तिने छताकडे पाहून हात जोडले. शेजारपाजार जमला आहे. लिहून दाखवावं तर भावाबरोबर पैशांचंही लिहावं लागेल. रडारडीत शेअर विकायचे राहिले आणि भाव पुन्हा आपटला, पण हे आता मी कोणत्या तोंडाने ओरडू? तरी पत्र मिळताच जसे असाल तसे धावत या. फक्त गल्लीच्या तोंडापासून लंगडायला लागा.