ऑगस्टची मुठा

२१ डिसेंबर, संध्याकाळ

गेल्या डिसेंबरपासून वर्षभर दर महिन्याला पुलावर त्याच दिव्याच्या खांबाशी उभं राहून मुठेचा फोटो काढला. मी काम करते त्या संस्थेच्या कॅलेंडरसाठी, बारा पानांचे बारा. संस्थेच्या सरांनी फक्त ऑगस्टचा घेतला, खडकवासला धरणातून पाणी सोडलं होतं तेव्हाचा. बाकी अकरांत राडारोडा, जलपर्णी, काळं पाणी; त्यांच्या जागी दुसऱ्या नद्या लागल्या.

"अहो, भिंतीवर गटार कोण टांगतं?"

आणि मी? "बरं सर." एवढंच. यासाठी शिकले?

आईने आज नवं कॅलेंडर ऑगस्टचं पान वर काढून टांगलं. त्यावरच्या माझ्या नावावरून, पुढे बी.ए., कौतुकाने बोट फिरवलं. त्याच पुलावरून ती रोज नाकाला पदर लावून कामाला जाते.

"किती छान गं! कुठली नदी?"

"कोकणातली," मी म्हणाले.

आता सरांना कोणत्या तोंडाने नावं ठेवू?