मास्तरांचं येट

पनवेल
९ फेब्रुवारी २०१०

भामे,

नाय गो, डोकं फिरलेलं नाय माझं. इंग्रजी शिकायला जाते, एवढंच. तू खुशाल हायस ना? गुडघ्याला तेल लाव, नुसती बोंबलत बसू नको. फोनच केला असता, पण तुझी सून किशोरी आधी आपण सगळं ऐकते आणि मग तुला अर्धं सांगते. म्हणून सातवीपर्यंतचं अक्षर बाहेर काढलं. हसू नको, तुझ्यापेक्षा बरं हाय.

क्लास रोडपालीला, समाजमंदिरात भरतो. बिल्डिंगीतल्या बाया मासळी घेताना इंग्रजी फाडतात आणि आपण नुसतं दात काढायचं, त्याचा कंटाळा आला. शिकवायला कृष्णकांत मास्तर. रिटायर झालेले, बायको मागेच वारली. आमी सगळ्या मासळीच्या पाटीवाल्या, पण एकीला अरेतुरे नाय करत.

'येट' काय माझ्या डोक्यात शिरेना. जिथं तिथं लावायची. "आय ईट येट, आय गो येट." बाया पोट धरून हसल्या. मास्तर नाय हसले. खडू खाली ठेवला आणि बोलले, "गुणाबाई, तुम्ही खाडीवर उभ्या आहात. भरती आली का?"

"नाय."

"मग घरी जाणार?"

"कशाला? अजून यायचीय ना!"

"हे तुमचं 'अजून' आहे ना, तेच येट. नुसतं 'नॉट कम' म्हणालात तर वाट बघणं संपलं. 'नॉट कम येट' म्हणालात तर पाणी वाटेवर आहे."

भामे, आपल्या गावच्या शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर मी कलेक्टर झाले असते. आपल्याला काय, छड्याच मिळाल्या. तुला जास्त.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली मॅडम चिंबोऱ्या बघून विचारते, फ्रेश हाय का. मी छाती काढून बोलले, "मॅडम, नॉट डाय येट!" तेवढ्यात एकीने नांगा उचलला. मॅडम उडालीच. घेतल्या मात्र सगळ्या.

मास्तर घाटावरचे, पण बोय मासळी अशी खातात की मांजराला काय उरत नाय. मला कसं ठाऊक, ते विचारू नको.

बरं, विचारणारच तू. चंद्रावतीने कळवलंच असेल म्हणा, माझ्या शेजारीच पाटी लावते ती. तर ऐक. पहिल्या गिऱ्हाइकाची भवानी झाल्याशिवाय आपण सख्ख्या भावाला फुकट शेपूट देत नाय, दिवस बुडतो. परवा सकाळी मी पाटी उघडते तोच मास्तर आले. सगळ्यात मोठी बोय फडक्यात राखून ठेवली होती. दिली. पैसे नाय घेतले. आख्खा बाजार वळून बघायला लागला गो! चंद्रावतीची कोयती तशीच वर. मास्तरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, थँक्यू बोलून निघाले. माझ्या मनात काय हाय ते मला तरी कुठं ठाऊक होतं? हात पुढं गेल्यावर कळलं.

कोणीतरी सांगितलं असणार, संध्याकाळी परत आले. कान लाल. बोलले, "आज मी तुमची भवानीच खाल्ली." मग सरळ तोंडावर, "गुणाबाई, आपण दोघं एकत्र राहू या का?"

माझ्या तोंडातनं काय निघावं? "नॉट येट!"

मास्तर हसले. "बरोबर वापरलंत," बोलले आणि छत्री काखेत मारून चालू पडले. ना रुसले, ना घाई केली. असा माणूस तू बघितलायस कुठं?

भामे, तुझा भाऊ गेला तेव्हा मला पोरासकट माहेरी धाडायला निघाले होते सगळे. तूच दारात आडवी आलीस, "वयनी इथंच राहील" बोललीस. पाटी माझ्या डोक्यावर तूच चढवलीस. म्हणून प्रितेशच्याही आधी तुला लिहिते. तो माझा पोरगा हाय, दोन दिवस फुगेल आणि जेवायला येल. तू फुगलीस तर मला दुसरी भामा नाय.

तू 'नाय' बोललीस तर मास्तरांना 'नाय' सांगेन, क्लासही सोडीन. पण इंग्रजीसाठी जाते असं जे वर लिहिलंय ना, ते खोटं. मला तो माणूस पायजे.

तुझी वयनी, कुठंही गेले तरी तुझीच,
गुणा