बाबांना पैकीच्या पैकी

६ नोव्हेंबर
बाबा गेले तेव्हापासून इतवारीतलं मसाल्याचं दुकान बंद. दादानं आज विषय काढलाच. आई म्हणाली, "यांच्यासारखा मसाला जमला तं उघड. नाही तं नको बापा." दादानं तीन नमुने कुटलेत. बाबांच्या हातच्या मसाल्याचा डबा फ्रिजमध्ये, तळाशी उरलाय थोडा. मी म्हटलं, चव मोजू, रडार चार्ट काढू, कोळ्याच्या जाळ्यासारखा, एकेका टोकाला एकेक चव. ऑफिसात दिवसभर दुसरं काय करते! दादा : "चव का कागदावर मावते वं?" बघूच.

९ नोव्हेंबर
आत्या उमरेडहून एसटीनं आली. चार वाट्या, चार मसाल्यांचा पातळ रस्सा, कोणता कुठला ते लपवून. आई, दादा, आत्या चाखणार. तिखट, वास, रंग, तर्री, घशात मागाहून उरते ती चव, प्रत्येकाला दहापैकी मार्क. आत्याचं दर घोटाला "अगागा!" लहानपणी बाबा दुकानातून आले की मी त्यांच्या शर्टात नाक खुपसायचे. ठसका लागायचा, तरी खुपसायचे. आज तसाच ठसका लागला. इतकं बरं वाटलं!

१० नोव्हेंबर
चार्टचा पार चिवडा. शीटमध्ये माणसागणिक ओळी, म्हणून जाळ्याच्या टोकांवर चवींऐवजी आई-दादा-आत्या येऊन बसले. सगळं उलटवलं. ओळीत चवी, कॉलमात मसाले, तिघांची सरासरी. आता चारही आकार एकावर एक. तिसरा नमुना बाबांच्या अगदी लगत! दादा नाचायचाच बाकी. आईनं चष्मा लावून पाहिलं. "हं." बस, तेवढंच.

१२ नोव्हेंबर
त्या "हं"नं चैन पडेना. सरासरी मोडली, प्रत्येकाचा चार्ट वेगळा काढला. आईचा पाहिला आणि... बाबांच्या मसाल्याला सगळीकडे दहा. आकार पार काठाला टेकलेला.
"आई, वाटी ओळखली होती नं तू?"
"समोर आल्याबरोबर. यांच्यात आता कमी काय काढू मी?"
आणि बाबा होते तेव्हा? ताज्या मसाल्याची चिमूट आधी तिच्याच हातावर. ती दरवेळी म्हणायची, "मीठ कमी आहे." मसाल्यात मीठ नसायचंच. बाबा दरवेळी तितकेच हसायचे.
खूप रडले आज.

१३ नोव्हेंबर
दादाला चार्ट दाखवला. दादा : "म्हणजे मी कितीबी कुटलं तरी नापासच नं?"

१६ नोव्हेंबर
आईनं पाटोडी रस्सा केला, बेसनाच्या वड्या घालून. सगळ्यांची नाकं वाहून राहिली. दादा : "आई, कोणता टाकला? बाबांचा का माझा?" आई वाढत राहिली. आत जाऊन पाहिलं. बाबांचा डबा, दादाची बरणी, दोन्ही घासून पालथी. आत्या शपथेवर सांगते, बाबांचाच. दादा म्हणतो, आपला. मला नुसता ठसका.
शेवटी दादानं विचारलंच, "मग दुकान उघडू का?"
आई म्हणाली, "जेव आधी. मले मीठ कमी वाटून राहिलं."