सैल राहिलेले दहा शिकंजे

बाबा, त्या सकाळी आंघोळ करून, हळदकुंकवाचं ताट घेऊन मी मागच्या अंगणात आलो, तेव्हा तुम्ही गुडघ्यांवर बसून विमानाच्या पंखाचा कणा जोडत होता. लाकडाच्या लांब पट्ट्यांना सरस लावून झाला होता. सांधा दाबून धरणारे निम्मे शिकंजे आवळलेले, दहा नुसते अडकवलेले. त्या दिवशी आमच्या स्टील प्लांटात विश्वकर्मा पूजा होती. मी म्हणालो, "बाबा, आज हत्याराले हात नोका लावू." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आपली खंडेनवमी अजून लांब आहे. आन् सरस थांबत नाही रे, आवळलं नाही त वाळून जाते. दहाच राहिले, कसू दे, मंग मलेबी लाव कुंकू." मी हसलो नाही. "हे क्वार्टर माह्या नावावर आहे," मी म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हात धोतराला पुसलेत आणि बाजूला झालात. त्या सैल शिकंज्यांना मी एकेक करून कुंकू लावलं; ते दिवसभर तसेच राहिले.

रेल्वेच्या डब्यांची सुतारकी करण्यात तुमचा जन्म गेला. निवृत्त होऊन आईसोबत प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये माझ्याकडे आलात ते एक भली मोठी पेटी घेऊन. बंद पडलेल्या कुठल्या क्लबातून आणलेली. आत पट्ट्या, प्लायवुड, कापड, नकाशे, सरसाची पूड. सगळं जोडलं की एका माणसाचं बिनइंजिनाचं विमान. जीपनं ओढून ते वर सोडायला मोकळी जमीन हवी, म्हणून तुम्ही सायकलनं पार उतई गावापर्यंत हिंडून यायचे. शेजारचा फिटर भिंतीवरून ओरडायचा, "काकाजी, मले पयली सीट ठेवजा!" तुम्ही म्हणायचे, "एकच सीट आहे, माह्या मांडीवर बस." सगळे हसायचे. मी ड्यूटीवरून येताना मान खाली घालून यायचो.

त्या दिवशी मला सेकंड शिफ्ट होती. भट्टीपुढे नारळ फुटला, हार चढला, आणि हात जोडलेले असतानाच फोरमन म्हणाला, "चलो, पूजा हो गई. लोहा किसी के लिए नहीं रुकता." भट्टी बंद ठेवता येत नाही, हे मला रोजचं माहीत होतं. सब्बल, ती भट्टीवरची पहार, उचलून मी कामाला लागलो. लाल लोखंड वाहताना बघत होतो आणि तुमचा सरस आठवत होता. तरी रात्री घरी आलो, जेवलो आणि झोपलो.

काही दिवसांनी तुम्ही शिकंजे सोडलेत आणि त्या दहा शिकंज्यांखालच्या सांध्यात पातं घालून पाहिलंत. ते आरपार गेलं. तसलं लांब, बिनगाठीचं लाकूड पुन्हा मिळणार नव्हतं. ज्या सांध्याची खात्री नाही तो वापरायचा नाही, हा तुमचा डब्यांच्या कारखान्यातला नेम; तुम्ही करवत घेऊन कणा तिथंच कापलात. आई दारातून म्हणाली, "हात गेले आता तुमचे. सांगून राहिली होती मी." तुम्ही म्हणालात, "हो, गेले." मी तिथंच उभा होतो. पुढं दोन हिवाळे तुम्ही जगलात. साधा पाट करायलाही रंधा हातात घेतला नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई तेच सांगायची, "ह्यायचे हात गेले," आणि तुम्ही मान डोलवायचे.

देवाचं मी आजही मनापासून करतो. पण त्या सकाळी ती भक्ती नव्हती, बाबा. तुम्ही वर जाऊन पडाल याची भीती होती, आणि त्याहून जास्त, लोक हसतात याची लाज. ते विमान थांबावं असं मला वाटत होतं, आणि देव आयता हाताशी सापडला.

आता माझी पन्नाशी आली. आई थकली आहे, पण ऐकू येतं. यंदा पूजेच्या दिवशी तिच्या खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. बाबांचे हात शेवटपर्यंत चांगले होते, ते मी थांबवले, असं. तिनं नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "मंग मी त्यायले जे बोलली, ते आता कुठं नेऊ?"

 तुमच्यावरचा बोल मी काढला आणि तिच्यावर ठेवला. पण सांगितलं, बाबा.