भिंतभर बाबा

२ फेब्रुवारी, रविवार
पुढच्या रविवारी बाबांना जाऊन वर्ष होईल. विहारात कार्यक्रम. आमच्या गावच्या मंडळाच्या मुंबई शाखेचे भागोजीकाका प्रोजेक्टर आणणार. मी शब्द दिला: बाबा, म्हणजे सगळ्यांचे सहदेवभाऊ, भिंतभर दिसतील, फुल एचडी! बाबांची एकच कॅसेट आहे, शहाण्णवच्या जयंतीत गायले तेव्हाची. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. कॅसेट पीसीत उतरवायला जुन्या पीसीत टीव्ही कार्ड बसवलं, व्हीसीआर जोडला. एका दिवसाचं काम.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
कार्ड चालतं. पण ७२० बाय ५७६ ठिपक्यांहून मोठं चित्र मागितलं की ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, सरळ एरर देतो. एवढेसे बाबा भिंतीवर कसे दाखवू? बहीण करुणा मालगुंडच्या शाळेत शिकवते. तिचा फोन. म्हणाली, दादा, येतंय तेवढं आधी उतरवून ठेव, मग काय ते प्रयोग कर. म्हटलं, तू पोरांना पाढे शिकव. ड्रायव्हरचा कोड उघडला. मर्यादा दोन ओळींत लिहिलीय. कुणातरी आळशाने.

४ फेब्रुवारी, सकाळी
१९२० आणि १०८० टाकले. ड्रायव्हरने निमूट ऐकलं. मला माहीतच होतं.

दुपारी
वर बाबांची पट्टी, खाली सगळं हिरवं. मग पीसी गोठला. कॅसेट रिवाइंड.

५ फेब्रुवारी
बफर, म्हणजे चित्र साठवायची जागा, वाढवला. बाबा तिरके, तेही तीन. ट्रायलच्या फाइली लगेच डिलीट करतो, भंगार ठेवायचं कशाला! दरवेळी पहिलं कडवं लागलं की आई हातातलं काम टाकून येते. म्हणाली, मोठे कशाला हवेत, होते तेवढेच दिसू देत. तिला रिझोल्यूशन समजावलं. ती तांदूळ निवडायला गेली.

६ फेब्रुवारी, सकाळी
आवाज कापरा येतोय. टेप झिजली की काय? संकल्प: आजपासून कॅसेटला हात नाही, फक्त कोड.

दुपारी १
एकदाच वाजवली.

दुपारी ४
सात वेळा.

७ फेब्रुवारी
ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर विचारलं होतं. उत्तर आलं: कार्ड याहून मोठं चित्र देऊच शकत नाही, कॅसेटच्या सिग्नलमध्येच चित्राच्या तेवढ्या ओळी नाहीत. मागणी जास्त आली तर ड्रायव्हरने एरर देण्यापेक्षा जमेल तेवढं मोठं चित्र द्यावं आणि तसं कळवावं. म्हणजे मूळ आकडे बरोबर होते. तशी मलाही शंका होतीच.

८ फेब्रुवारी, सकाळी ११
चार ओळी लिहिल्या. सुंदर. टेस्टसाठी कॅसेट लावली आणि व्हीसीआरने टेप खाल्ली. झाकण उघडलं तर आत नुसता गुंता, दोन ठिकाणी तुटलेला. करुणा आली, बघितलं आणि सेलोटेप आणून माझ्यापुढे ठेवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सेलोटेपने जोडलीय. चालेल.

९ फेब्रुवारी, रविवार
विहार भरला होता. भागोजीकाका म्हणाले, लाव. लावली. १९२० मागितले, ड्रायव्हरने ७२० दिले, एरर नाही, काही नाही. अगदी चोख. पण चुरगळलेल्या टेपवरून चित्रच आलं नाही, भिंत निळी. मिनिटभर सगळे निळ्या भिंतीकडे बघत बसले. टेक्निकल प्रॉब्लेम, मी म्हणालो. पुढच्या रांगेतून आई वळून सगळ्यांना सांगू लागली, पोराने आठवडाभर जेवणखाण सोडून मेहनत घेतली हो.

घरी आल्यावर तिने विचारलं, आवाज तरी राहिला का रे?

नाही म्हणालो.