वाढत्या अंगाची रॅकेट

मी, रतन सुखदेव ओव्हाळ, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार धायरी, पुणे, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त आणि खडकी बाजारातल्या टेनिस रॅकेटच्या दुकानाचा मालक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा सातवीपर्यंतच झाली. कायद्याची भाषा कुठे लंगडली तर अर्थ धरावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी काही कबूल केले होते असे कोणी सांगितले, तर ते खोटे.

१. धायरीचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी मुक्ताबाई हिला. तिच्या पश्चात घर मुलगा अभय याला. ती असेपर्यंत घर विकण्याचा विषय तिच्यासमोर काढू नये.

२. खडकीचे दुकान, रॅकेटची जाळी ओवायचे, म्हणजे गटिंगचे, मशीन आणि सगळा माल मुलगी जया हिला. अभयने हे दुकान टेनिसचे कोच उत्तरेश्वर यांना द्यायचे परस्पर कबूल केले आहे. माल माझा आणि शब्द त्याचा, हे चालणार नाही.

जयालाच का, ते लिहितो. १९८८ साली ती अकरा वर्षांची होती. नेटजवळ उभी राहून चेंडू नुसता वळवायची. मनगट चपळ, फटका आखूड. अशा खेळाला हलकी, पटकन फिरणारी रॅकेट लागते. मी आणली मोठ्या माणसाची, लाकडी, जाड मुठीची. शाळेचा फ्रॉक घेतो तशी, वाढत्या अंगाला, दहावीपर्यंत पुरेल म्हणून. मुक्ताबाई म्हणाली होती, "अहो, फ्रॉक दुमडून शिवता येतो. ही कुठे दुमडणार?" मी हसण्यावारी नेले. दोन वर्षांत पोरीचे कोपर धरले आणि खेळ सुटला. पुढे कधीतरी विचारले, तेव्हाच बोलली का नाहीस. तर म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेनं आणली होती, बाबा."

त्यानंतर मी हा विषय शिकलो. जुने कॅटलॉग, मोडक्या रॅकेटी आणि कारखान्यातली मोजमापाची सवय, एवढेच गुरू. गटिंग जया माझ्याशेजारी बसून शिकली. तिच्या हातचे माझ्यापेक्षा सरस आहे.

३. दुकानाची रीत बदलू नये. आधी हात, मग खेळ, मग रॅकेट. मूठ धरल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचे एक बोट मावले पाहिजे. मागून लांब हात फिरवून जोरात मारणाऱ्याला लहान तोंडाची, जराशी जड. आखूड फटक्याच्या माणसाला मोठ्या तोंडाची, हलकी. कोपर दुखत असेल तर ताठ रॅकेट देऊ नये आणि गटिंगही सैल ठेवावे. टीव्हीवरचा चॅम्पियन काय वापरतो, ते त्याच्या घरच्यांनी बघावे.

कोथरूडच्या एका गृहस्थांना मी हात फिरवून दाखवा म्हटले, तर ते म्हणाले, "रॅकेट घ्यायला आलोय, स्थळ बघायला नाही." मी म्हटले, "जमलं नाही तर नांदायचंय तुमच्याच कोपराला." रागाने गेले. महिन्याभराने कोपराला पट्टा बांधून आले.

४. गेल्या वर्षी उत्तरेश्वर यांनी अकरा मुले एकाच मापाच्या रॅकेटी घ्यायला माझ्याकडे पाठवली. नऊ मी परत पाठवली. ती रॅकेट त्यांच्या हाताची नव्हती. त्यावर उत्तरेश्वर चारचौघांत म्हणाले, "ओव्हाळ, तुम्ही गटिंग करा, खेळ आम्ही बघतो." त्यांना माझ्यातर्फे एक फूटपट्टी द्यावी. पोरांचे हात मोजायला कधीही सुरुवात करता येते.

५. अभयवर राग नाही. पोरगा गुणी आहे, पण त्याला धंदा कळतो, दुकान कळत नाही. म्हातारा भ्रमिष्ट होता असे कोर्टात कोणी म्हणालेच, तर डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो कमी पडला तर त्या नऊ मुलांच्या आयांना विचारावे. माझी शुद्ध त्यांनी पुरेपूर अनुभवली आहे.

६. कलम २ खाली एक ओळ खोडलेली दिसेल. पहिली दोन वर्षे जयाने अभयच्या सल्ल्याने दुकान चालवावे, असे मी तिच्या काळजीपोटी लिहिले होते. रविवारी मसुदा तिला वाचून दाखवला. ती लगेच म्हणाली, "ही ओळ मला जड होतेय, बाबा. खोडा."

खोडली आहे. शेजारी माझी सही आहे. या खाडाखोडीवर कोणी संशय घेऊ नये. सबंध कागदात तेवढेच मी नीट मापून केले आहे.

सही: रतन सुखदेव ओव्हाळ

वरील सही ओव्हाळ यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१) डॉ. तेजस्विनी शौनक आपटे, कोथरूड
२) अनंत सखाराम बनसोडे, खडकी

ठिकाण: पुणे
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५