बाहेरून लावलेली कडी

४ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.,

प्रार्थनेच्या खोलीत घुसून लोकांनी तुझं कपाळ फोडलं, हे तू एका ओळीत उरकलंस आणि पुढे पानभर तिथल्या शेळ्यांचं कौतुक! परमुलखात धर्मसेवेला गेलास तरी लपवालपवी काही सुटली नाही. सोबत लोखंडी कडी पाठवते आहे. बाबांच्या कुलपांच्या दुकानात मीच घडवली, हत्तीलाही हलायची नाही. आतून लाव. तुला जन्मात खिळा सरळ ठोकता आला नाही, तेव्हा दुसऱ्याकडून बसवून घे.

जिवाला जप, पत्रासाठी ताटकळत ठेवू नकोस.

तुझी ताई

२९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

कडी पोचली. मीच बसवली, वाकडी बसली, आणि बाहेरून बसवली. रागावू नकोस. मी आत असेन तोवर देवाचं दार कुणाला बंद नसेल, असा शब्द मी पहिल्याच दिवशी इथल्या लोकांना दिला होता. बाहेर जाताना तेवढी लावतो, शेळ्या आत शिरू नयेत म्हणून.

खाणीतून पळालेले मजूर आमच्या दवाखान्यात आसरा घेतात, म्हणून खाणीचा मुकादम खवळला आहे. काल त्याच्या माणसांनी आमच्या कंपाउंडरला सळयांनी झोडपलं. जबडा फाटला, पाय मोडला. मी टाके घालत होतो आणि तोच माझा हात दाबून मला धीर देत होता. घरी ये म्हणू नकोस. याला सोडून कसा येऊ?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

१७ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.,

अक्षर नर्सबाईंचं आहे, माझे हात भाजलेत. रविवारी आम्ही सगळे आत प्रार्थनेला बसलो होतो. मुकादमाच्या माणसांनी बाहेरून कडी घातली, दारावर रॉकेल ओतलं आणि पेटवून दिलं. मी धडका मारमारून खांदा निखळवला. तुझी कडी हलली नाही गं. मग खिडकीचे गज उचकटले. कंपाउंडर मोडक्या पायावर उभा राहून एकेकाला वर ढकलत होता. शेवटी त्याला ओढायला मी बाहेरून हात घातले, तेवढ्यात जळतं छप्पर कोसळलं. त्याचं ओरडणं बराच वेळ चाललं होतं.

मुकादमाला क्षमा करायची म्हणून प्रार्थनेला बसतो आणि दातओठ खात उठतो. तू मात्र स्वतःला दोष देऊ नकोस, कडी बाहेरून मी बसवली. नवं दार करतो आहे. आता कडी नको, फक्त बिजागऱ्या पाठव.

माझ्यावर राग धर, पण माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा

६ मे

चि. धाकट्यास अ. आ.,

तुझं पत्र वाचलं आणि भट्टी विझवली. ती कडी याच हातांनी ठोकली होती, घास गिळवत नाही. दोष देऊ नकोस म्हणतोस, तो काय मला विचारून येतो? परत ये, असं लिहायला बसले होते. त्या कंपाउंडरचा विचार मनात आला आणि लिहवेना.

आज पुन्हा भट्टी पेटवली, बिजागऱ्या केल्या. टपालाने पाठवत नाही. तुझ्या हातून दार सरळ बसायचं नाही, आणि आता तर हातही भाजलेले. दुकानाला कुलूप घालून मीच घेऊन येते आहे. खिळे मी ठोकीन, तू नुसता जवळ उभा राहा.

उरलेलं समोर बसून.

तुझी ताई